ज्ञानदेवांनी नाकारलेलं अज्ञान

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याला आणि आसपासच्या गावांना अखंड हरिनाम सप्ताह नवा नाही. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. अशा सप्ताहात एखादा तरी कीर्तनकार दोरीवरच्या सापाचा दृष्टांत घेतोच. अंधारात दोरी पडलेली होती, पाहणाऱ्याला साप वाटला, छाती धडधडली, कुणीतरी दिवा आणला आणि साप गेला. हे जग त्या सापासारखं आहे, असं सांगून बुवा अभंगाच्या पुढच्या चरणाकडे वळतात. समोर बसलेल्यांत कुणी केळीच्या बागेला पाणी सोडून आलेला असतो, कुणी दिवसभर हळद शिजवून. बाग जर सापासारखीच खोटी, तर रात्री बारा वाजता लाइट आली की मोटार चालू करायला कशाला उठायचं, असा प्रश्न त्यांच्यातल्या कुणाला पडला तर तो भाबडा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. गेली हजार-बाराशे वर्षं भारतातले उत्तमोत्तम तत्त्वज्ञ याच प्रश्नाशी झटत आले आहेत.

या प्रश्नाची काही सर्वांत धाडसी उत्तरं मराठीत दिली गेली, तीही याच मुलखात. डोंगरकड्याच्या वरच्या अंगाला, हिंगोली तालुक्यात कयाधूच्या काठी नरसी आहे, नामदेवांचं परंपरेनं मानलेलं जन्मगाव. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ, जिथे नामदेवांना गुरू भेटले असं वारकरी मानतात. दक्षिणेला अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी. पश्चिमेला गोदावरीच्या काठी पैठण, आणि त्याच्याजवळ ज्ञानदेवांच्या घराण्याचं आपेगाव. एवढ्या टापूत शे-दीडशे वर्षांत अद्वैताचा जो विचार झाला, तो संस्कृतातल्या अद्वैताची नुसती नक्कल नव्हता.

आधी शंकराचार्यांचं म्हणणं नीट पाहायला हवं, कारण कीर्तनात ते बऱ्याचदा अर्धंच सांगितलं जातं. आठव्या शतकातल्या या आचार्यांनी जगाला ‘नाही’ असं कधीच म्हटलेलं नाही. सशाचं शिंग किंवा वांझेचा मुलगा या गोष्टी मुळात नाहीतच, त्या कुणाला कधी दिसतही नाहीत. जग तसं नाही, ते दिसतं, त्यात भूक लागते आणि भाकरी खाल्ली की ती भागते. पण ते कायम टिकणारं, कशानंही खोटं न ठरणारं असंही नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन्ही खान्यांत न बसणारी जी गोष्ट, तिला अद्वैती मिथ्या म्हणतात. म्हणून त्यांनी सत्तेच्या तीन पायऱ्या मानल्या. दोरीवरचा साप ही प्रातिभासिक सत्ता, एकट्याला क्षणभर दिसणारी. बाग, बाजार, सातबारा ही व्यावहारिक सत्ता, सगळ्यांना सारखी आणि जन्मभर लागू असणारी. आणि ब्रह्म ही पारमार्थिक सत्ता. शंकराचार्यांच्या हिशेबातही मोटार चालू करायला उठावंच लागतं. व्यवहाराच्या पायरीवर उभं राहून व्यवहार खोटा ठरवता येत नाही, हे त्यांनी फार काटेकोरपणे सांभाळलं आहे.

ब्रह्मसूत्रांवरचं त्यांचं भाष्य सुरू होतं ते देवाच्या किंवा जगाच्या वर्णनानं नाही. ते सुरू होतं माणसाच्या एका रोजच्या चुकीपासून. ‘मी जाड आहे’, ‘मी आंधळा आहे’, ‘मी दुःखी आहे’ असं माणूस सहज म्हणतो. जाडी देहाची, आंधळेपण डोळ्यांचं, दुःख मनाचं, पण चिकटवलं जातं ‘मी’ला. एकाचे धर्म दुसऱ्यावर लादण्याच्या या क्रियेला ते अध्यास म्हणतात. जे पाहिलं जातं ते पाहणारा असू शकत नाही, हे त्यांचं मूळ सूत्र. देह दिसतो, मनातली खळबळही जाणवते, म्हणजे त्यांना जाणणारा त्यांच्याहून वेगळा.

हा अध्यास किती सहज घडतो, हे १९९८ मध्ये मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन या दोन संशोधकांनी एका साध्या प्रयोगातून दाखवलं. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, समोर टेबलावर रबराचा हात मांडायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच तालात ब्रश फिरवायचा. काही मिनिटांत बहुतेकांना तो रबरी हात आपलाच वाटू लागतो. ‘माझं शरीर’ ही भावना दगडासारखी पक्की नसून मेंदू ती क्षणोक्षणी जुळवत असतो, असा निष्कर्ष यातून निघतो. इथपर्यंत आजचं मेंदूविज्ञान आणि वेदान्त शेजारी शेजारी चालतात. पुढे वाटा फुटतात. अनेक मेंदूशास्त्रज्ञांच्या मते ‘मी’ ही अशी जुळवणीच आहे, तिच्या मागे आणखी कुणी नाही. वेदान्ती म्हणतो, जुळवलेला ‘मी’ म्हणजे अहंकार, तो जाऊ द्या. पण जुळवणी ज्याच्या उजेडात दिसते तो साक्षी जुळवलेला नाही. या दोन विधानांतलं अंतर झाकून ‘विज्ञानानं वेदान्त सिद्ध केला’ असं म्हणणं दोघांवरही अन्याय करणारं आहे.

साक्षीच्या बाजूनं वेदान्त जो सर्वांत हुशार पुरावा मांडतो तो झोपेचा. मांडूक्य हे जेमतेम १२ मंत्रांचं उपनिषद, पण त्यानं जागेपण, स्वप्न, गाढ झोप आणि या तिन्हींना व्यापणारं चौथं असा चेतनेचा नकाशा काढला. त्यातली गाढ झोप महत्त्वाची. सकाळी उठून माणूस म्हणतो, “अशी झोप लागली, की काही कळलंच नाही.” हे तो कशाच्या जोरावर म्हणतो? रात्री जाणीव पार विझली असती, तर ‘काही कळलं नाही’ हेसुद्धा सांगता आलं नसतं. जे अनुभवलं तेच आठवतं, म्हणून ‘काही नसणं’ अनुभवणारं कुणीतरी तेव्हाही जागं होतं, असा हा युक्तिवाद. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, त्यावर बोट ठेवलं. त्यांच्या मते ही आठवण नव्हेच, ताजंतवानं वाटतंय त्यावरून उठल्यानंतर काढलेलं अनुमान आहे. हा वाद संपलेला नाही. २०१६ मध्ये जेनिफर विंट, टोरे नील्सन आणि इव्हान थॉम्सन यांनी स्वप्नरहित झोपेत जाणीव खरोखरच नाहीशी होते का, असा प्रश्न एका शोधलेखात विचारला आणि गाढ झोप ही एकजिनसी बेशुद्धी मानू नये, असं सुचवलं. थॉम्सन यांनी आपल्या लेखनात वेदान्त्यांच्या या जुन्या युक्तिवादाची सविस्तर दखल घेतली आहे.

वेदान्ताचं हे सगळं म्हणणं मराठीत पहिल्यांदा उतरवलं मुकुंदराजांनी. ‘विवेकसिंधु’चा रूढ काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण शांकर मत सामान्यांच्या भाषेत आणण्याचा त्यातला हेतू स्वच्छ आहे. पंचीकरण म्हणजे पाच महाभूतांचं मिश्रण, देहांचे प्रकार, चार अवस्था हे सारं गुरु-शिष्यांच्या संवादातून समजावलेलं आहे. ग्रंथ मेहनतीचा आणि प्रामाणिक. नवा वाद मात्र तो उभा करत नाही.

तो केला ज्ञानदेवांनी. ज्ञानेश्वरी १२९० ची. ती गीतेवरची टीका, त्यामुळे मूळ ग्रंथाचं बोट धरून चालणं भाग होतं. त्यानंतर त्यांनी कुठल्याही ग्रंथाचा आधार न घेता आपलं स्वतंत्र तत्त्वज्ञान लिहिलं, ते ‘अनुभवामृत’, लोकांच्या तोंडी ‘अमृतानुभव’. दहा प्रकरणं, सुमारे आठशे ओव्या. त्यांतलं सातवं प्रकरण एकटंच ग्रंथाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग व्यापतं आणि त्याचं नाव आहे ‘अज्ञानखंडन’. विशीच्या आतबाहेरच्या एका तरुणानं अद्वैताचा जो मुख्य खांब समजला जातो, त्यालाच हात घातला होता.

खांब असा, की ब्रह्म एकच आणि ते शुद्ध ज्ञानरूप असेल, तर हे अनेकपण दिसतं का? शांकर परंपरेचं उत्तर आहे अज्ञान, अविद्या, माया. हे अज्ञान केवळ ज्ञानाचा अभाव नसून झाकणारं आणि भलतंच दाखवणारं असं काहीतरी आहे, असं या परंपरेत मानतात. ते राहतं कुठे, यावर अद्वैत्यांतच दोन तट पडले. वाचस्पती मिश्रांच्या भामती परंपरेनं ते जीवाच्या आश्रयानं असतं असं म्हटलं, विवरण परंपरेनं ब्रह्माच्याच आश्रयानं.

ज्ञानदेव या प्रश्नाला मुळातूनच हलवतात. अज्ञान आहे म्हणता, तर त्याचं काम काय? ज्याच्या ठिकाणी राहायचं त्यालाच नेणता करून सोडायचं. मग त्यानं आत्म्याला खरोखरच नेणतं केलं असेल, तर ‘इथे अज्ञान आहे’ हे ओळखायला मागे कोण उरलं? आणि ओळखणारा शिल्लक असेल, तर अज्ञानानं केलं काय? बरं, ते प्रमाणानं सिद्ध करू म्हणावं, तर प्रमाण म्हणजेच ज्ञान, त्याच्यासमोर अज्ञान उभंच राहू शकत नाही. प्रमाणावाचून मानू म्हणावं, तर मग काहीही मानता येईल. आत्म्यात ते दिसत नाही, आत्म्याबाहेर तर दुसरं काही नाहीच. दिसत नाही, सापडत नाही, सिद्ध होत नाही अशा गोष्टीला केवळ जगाचा उलगडा व्हावा म्हणून का बसवून ठेवायचं? ज्ञानदेव दृष्टांतामागून दृष्टांत देत शेकडो ओव्या हा पाठलाग चालू ठेवतात. प्रतिपक्षाला पळायला ते एकही बोळ मोकळा ठेवत नाहीत. मराठीत इतकी सलग, इतकी निर्भय तार्किक झटापट दुसरीकडे क्वचितच सापडेल.

अविद्येवर असेच आक्षेप रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात सात मुद्द्यांनी घेतले होते. तिथे अविद्या पाडायची ती जीव आणि ईश्वर यांच्यातला भेद खरा ठरवण्यासाठी. ज्ञानदेवांचा रोख उलटा आहे. अज्ञान नावाचं दुसरं काही मानलं, तर अद्वैतात द्वैत शिरतं, म्हणून ते त्याला उंबऱ्याबाहेर काढतात. आणि आठव्या प्रकरणात ज्ञानालाही निरोप देतात, कारण घालवायला अज्ञानच नाही तर घालवणारं ज्ञान तरी कशाला? याआधी तिसऱ्या प्रकरणात त्यांनी शिवसूत्रांचा हवाला दिला आहे, ज्ञानसुद्धा बंधन ठरतं या वचनासाठी. शिवसूत्रं काश्मीरमधली, नवव्या शतकातल्या वसुगुप्तांची. हा हवाला गोदावरीच्या काठी लिहिणाऱ्या नाथपंथी तरुणाकडे कुठल्या वाटेनं विचार पोचत होते, याची मोठी खूण आहे.

मग जग कशानं दिसतं? ज्ञानदेवांचं उत्तर: चैतन्य स्वतःलाच पाहतं, त्या पाहण्याचं नाव जग. पाहणारा, पाहिलं जाणारं आणि पाहणं ही त्रिपुटी त्याच्या स्फुरणात उमटते आणि विरते. म्हणून या मताला चिद्विलास किंवा स्फूर्तिवाद म्हणतात. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेल्या ६५ ओव्यांच्या ‘चांगदेव पासष्टी’तही हेच सांगणं आहे. दोरीवरचा साप घालवावा लागतो. चैतन्याचा विलास घालवायचा नसतो, ओळखायचा असतो. केळीची बाग त्यामुळे फसवणूक राहत नाही.

याचा थेट परिणाम भक्तीवर होतो. सगळं एकच असेल, तर कोण कुणाची पूजा करणार, हा अद्वैत्याला कायम विचारला जाणारा प्रश्न. नवव्या प्रकरणात ज्ञानदेव त्याला दगडाचंच उत्तर देतात: एकच डोंगर कोरून त्यातूनच देव, देऊळ आणि देवाचा परिवार घडवता येतो, मग एकपणातच भक्तीचा व्यवहार का होऊ नये? वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते वरून खाली कोरत आणलं गेलं. शिखर, मंडप, नंदी, हत्ती, मोकळ्या अंगणातले स्तंभ, सारे त्याच कातळाचे. कुठेही बाहेरून दगड आणून बसवलेला नाही. आपेगावच्या घराण्यातल्या कवीला हा दृष्टांत सुचावा, यात नवल नाही.

ज्ञानदेव शंकराचार्यांपासून खरंच वेगळे होते का, यावर विसाव्या शतकात अभ्यासकांची चांगलीच जुंपली. शं. दा. पेंडसे यांनी ‘श्रीज्ञानेश्वरांचे तत्त्वज्ञान’ या १९४१ च्या ग्रंथात ज्ञानदेव शांकर अद्वैताच्याच वाटेवरचे असल्याची बाजू मांडली. भा. पं. बहिरट यांनी १९५६ च्या इंग्रजी ग्रंथात स्फूर्तिवाद स्वतंत्र असल्याचं दाखवलं. ज्ञानेश्वरीत मायावादी भाषा भरपूर आहे, हे पेंडशांचं बळ. पण अमृतानुभवाचं सातवं प्रकरण सलग वाचलं, की बहिरटांचं पारडं जड वाटतं. बहिरटांचं काम अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातलं. प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या या संस्थेत साने गुरुजींनीही काही काळ अभ्यास केला होता. तिथल्याच जी. आर. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी १९३३ मध्ये एक इंग्रजी ग्रंथ मिळून लिहिला. त्याचा विषय आणि नाव एकच होतं: ‘अज्ञान’. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी हा वाद सुमारे साडेसहाशे वर्षांनी पुन्हा रंगावा, ही महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासातली फार मोलाची गोष्ट आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

हिंगोली जिल्ह्यात मात्र हा विचार ग्रंथापेक्षा कथेतून पोचला. तेरच्या संतमेळ्यात कुंभार संत गोरोबा काकांनी थापटण्यानं प्रत्येकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. विठ्ठलाशी बोलणारा हा भक्त देवाला अजून पंढरपुरातच पाहत होता. रागावलेल्या नामदेवांना औंढ्याला, पुढे त्यांचे गुरू ठरलेल्या विसोबा खेचरांकडे जावं लागलं. तिथे हे म्हातारे गृहस्थ शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी टोकलं, तेव्हा ते म्हणाले, “बाबा, मला उचलवत नाहीत. जिथे देव नसेल तिथे तूच ठेव माझे पाय.” नामदेव पाय उचलून जिथे ठेवायला गेले तिथे पिंड उभी राहिली. औंढ्याला नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं, आत दोन-चार माणसांनीच गर्दी होते. त्या कोंदट, दिव्याच्या उजेडातल्या जागेत पिंडीला हात लावणाऱ्यांना ही कथा पाठ असते. गुरू नानकांच्या जनमसाखीत मक्केच्या प्रसंगी जवळजवळ हीच कथा येते. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि नांदेडला हुजूर साहिबला येणारे शीख यात्रेकरू नरसीलाही जातात. डोंगरकडा या दोन गावांच्या मधल्या मुलखात आहे.

औंढ्याची आणखी एक कथा आहे: नामदेवांना देवळासमोरून उठवून मागे बसवलं आणि देऊळच फिरलं. गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या एका पदातही देऊळ फिरल्याचा प्रसंग आहे आणि तिथे हाकलण्याचं कारण त्यांची जात आहे. इथे अद्वैताला सर्वांत कठीण प्रश्न भेटतो. सर्वांच्या ठायी एकच चैतन्य, असं सांगणाऱ्या शंकराचार्यांनीच ब्रह्मसूत्रभाष्यात शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला. व्यवहार आणि परमार्थ या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवण्याची जी शिस्त मघाशी शेतकऱ्याच्या बागेला वाचवत होती, तीच इथे अन्यायाला सांभाळून घेते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्यांना, म्हणजे चोखोबांना, पंढरपूरच्या मंदिरात कधी जाता आलं नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. पण तीही दाराबाहेरच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये हाच सवाल केला. सर्व माणसं एकाच ब्रह्माची रूपं आहेत या सिद्धान्तात लोकशाहीचा पाया होण्याची ताकद आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण असा सिद्धान्त हाताशी असताना समाज बदलण्यासाठी तो वापरला का गेला नाही, असं त्यांनी विचारलं. हे पुस्तक त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत ते १९८७ मध्ये आलं. त्याच आंबेडकरांनी १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला होता.